ओठ वर करा

“ओठ वर करा,” विभागप्रमुख म्हणाले. “अजून.”

तिने दोन बोटांनी वरचा ओठ उचलला. मुलाखतीच्या टेबलापलीकडच्या तिघांपैकी दोघांनी कागदांत डोकं घातलं. विभागप्रमुखांनी मात्र चष्मा कपाळावर चढवून निवांत पाहून घेतलं. पुढचे सहाही दात तपकिरी, खडबडीत, वाळवी लागलेल्या चौकटीसारखे. गावच्या विहिरीच्या पाण्याने तिथल्या प्रत्येक पोराच्या तोंडात हेच करून ठेवलं होतं. घासून जाण्यातलं ते नव्हतं.

“दंतवैद्यकच का? कान, डोळे, दुसरं काही सुचलं नाही?”

“आमच्याकडे दातांचा डॉक्टर नाही, सर.”

“आणि हे तोंड घेऊन तुम्ही रुग्णासमोर उभ्या राहणार? माणूस आधी डॉक्टरचे दात बघतो, मग स्वतःचे दाखवतो. तो खुर्चीतून उठून पळेल.”

तिच्या बोटांतून ओठ सुटला. निघताना आत्याने बजावलं होतं, हसू नकोस, कमी बोल, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ तर यांनी उघडायलाच लावली होती.

“टकला न्हावीसुद्धा केस कापतोच की, सर.”

त्यांच्या शेजारच्या डॉक्टरीणबाईंना एकदम खोकला आला. विभागप्रमुखांच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता, हे तिच्या जरा उशिराच ध्यानात आलं.

“या तुम्ही,” ते म्हणाले.

तरीही यादीत तिचं नाव लागलं. शेवटून दुसरं. आत्याने ते बोट ठेवून तीनदा वाचलं. “बघ, दात नाही बघितले, गुण बघितले,” ती म्हणाली आणि फलकासमोरच तिने डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्याच आठवड्यात विभागप्रमुखांनी सगळा वर्ग तपासणीच्या खोलीत नेला. खुर्चीभोवती चाळीस पांढरे कोट दाटीवाटीने उभे राहिले.

“तुम्ही,” त्यांनी तिच्याकडे बोट केलं. “बसा.”

ती बसली. डोक्यावरचा दिवा लागला.

“पाण्यातल्या फ्लोराइडने दातांची काय दशा होते, त्याचं पुस्तकातलं चित्र पायांनी चालत आलंय. मुलाखतीतच ठरवलं, हा नमुना हातचा जाऊ द्यायचा नाही.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खुर्चीच्या हातावर तिची बोटं घट्ट आवळली, मग एकेक करून सुटली. त्यांनी आरसा उचलला, अंगठा तिच्या ओठाकडे आणला. तिने मान वळवली.

“काय झालं? आता लाज वाटायला लागली?”

“हातमोजे, सर.”

चाळीस जोड डोळे त्यांच्या हातांकडे वळले. अंगठ्यावर शाईचा निळा डाग होता.

“तीस वर्षं झाली मला या खोलीत—”

“कालच्या तासाला तुम्हीच सांगितलंत, सर. रुग्ण कोणीही असो.”

दारापाशी उभ्या डॉक्टरीणबाईंनी हातमोज्यांचा खोका उचलला आणि नळाशेजारी नेऊन ठेवला. विभागप्रमुखांनी आरसा तबकात टाकला. ते हात धुवायला गेले. नळ बराच वेळ वाहत होता.

ती मागे मान टेकून, ओठ मिटून बसून राहिली. वर्गाला घाई नव्हती, तिलाही नव्हती.