मधली भिंत पाडायची म्हणतात

मी या गल्लीतलं शेवटून दुसरं घर बोलतंय. बोलतंय खरं, पण ऐकणारं कुणी असेल तर शपथ!

शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर माझा जन्म झाला. आम्ही सगळी भावंडं एकाच साच्यातली: पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, दोन्हींच्या मध्ये एक भिंत आणि नावापुरतं अंगण. सुरुवातीला माणसं चुकून दुसऱ्याच घराची कडी वाजवायची.

पुढे माझ्या मालकांना वाटलं, मुलाचं लग्न व्हायच्या आधी वर एक खोली हवी. ती चढली नेमकी मधल्या भिंतीच्या डोक्यावर. बाकीची भावंडं बैठीच राहिली. ओझं माझ्या एकट्याच्या वाट्याला आलं.

सहन होईना तेव्हा मी दार अडकवून पाहिलं. त्यांनी सुताराकडून दार तासून घेतलं. मग भिंतीला चीर पाडली. त्यांनी पुट्टी भरून वर रंग मारला. कण्हणं ऐकू आलं की माणसं आधी आवाज बंद करतात, दुखणं नंतर बघतात. बघितलंच तर.

मग नवी सून आली. बोलायला कमी, बघायला फार. चीर पुन्हा उमटली तेव्हा तिने चिरेच्या टोकाशी पेन्सिलीने टिंब काढलं. चीर टिंबाच्या पुढे गेली तशी तिचा चेहराच उतरला. मला मात्र हायसं वाटलं. निदान एकीला तरी कळलं!

तेवढ्यात गल्लीत मधली भिंत पाडून हॉल मोठा करायची साथ आली. आधी शेजारच्या काकूंनी पाडली, मग समोरच्यांनी. झालं, सासूबाईंना चैन पडेना.

"अख्ख्या गल्लीत आपलंच घर कोंदट. पाहुण्यांना कोंडवाड्यात बसवल्यासारखं वाटतं मेलं!"

"आई, पण वरची खोली त्याच भिंतीवर आहे ना?" सून हळूच म्हणाली.

सासरे हसले. "ऐका! काल आली आणि माझं घर मलाच शिकवतेय. अगं, सगळ्यांनी पाडली. आलं का कुणाचं छप्पर खाली?"

"पण त्यांच्याकडे वर खोली—"

"जाऊ दे ना," नवरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "त्यांची हौस आहे."

ती भाजी चिरायला बसली. तिचं गप्प राहणं काय, माझं उभं राहणं काय, लोक दोघांनाही समजूतदार म्हणतात.

आज सकाळी गवंडी आला. नवरा कामावर गेलाय. सासरे खुर्ची टाकून समोर बसलेत. सासूबाई वरच्या खोलीत कपाट आवरतायत.

"काका, वीट सुटत नाही हो. भिंत नुसती धरून बसलीये."

"जुनं काम आहे, धरणारच. घाल जोरात!"

अहो, हौसेनं नाही धरलेलं! तुमची बायको वर आहे!

मधल्या विटा निघाल्या. वरचा स्लॅब बोटभर खाली आला. छताची भुकटी सुनेच्या खांद्यावर पडली. तिने वर पाहिलं. ओठ हलले, पण सवयीने पुन्हा मिटले.

पोरी, माझं काय, आज ना उद्या मी जाणारच. पण तू बोल. धाव, त्या घणाला हात घाल, सासूबाईंना खाली ओढून आण. उद्धट म्हणतील, जन्मभर ऐकवतील. ऐकवू देत. ऐकवायला माणसं तर उरली पाहिजेत! ओरड गं. मला आता फार वेळ धरवत नाही.