भेटीची जागा

भिंत सुरू झाली आणि हॉलमध्ये फ्योर्ड उजाडला. अर्धगोल उभ्या भिंतीत हजारो बारीक दिवे. त्यांतून डोंगर, त्यांच्यात खोल शिरलेलं खाडीचं निळंकाळं पाणी आणि कडेकडेनं वळत जाणारा अरुंद रस्ता. मधोमध जाहिरातीसाठी आणलेली लाल गाडी जागच्या जागी उभी होती. धावायचा तो रस्ता. कॅमेरा जरा हलला की भिंतीवरचा डोंगरही तेवढाच सरके, आणि बॉनेटवर आभाळ वाहत राही.

तो रस्ता तोरुननं संगणकावर घडवला होता. तिच्या नावावरचं हे पहिलंच काम. दिग्दर्शक योस्ताइननं कंपनीला छातीठोकपणे सांगितलं होतं, "पोरगी नवी आहे, पण त्याच खोऱ्यात वाढलीय."

गाडीच्या कंपनीतून आलेल्या हेद्विगनं तीनदा चित्रण पाहिलं. मग चष्मा काढून ती म्हणाली, "सुंदर आहे. पण इथे कुणी राहत असेल असं वाटत नाही. जेवणानंतरही असंच दिसलं, तर मी कंपनीला सांगणार, स्पेनला जाऊन खऱ्या रस्त्यावर करू."

जेवणाच्या टेबलावर तोरुननं नेहमीसारखे हात जोडले, ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली आणि डबा उघडला. ब्रेडवरचं तपकिरी चीज मात्र ती नुसतं कुरतडत राहिली.

समोर ओस्मुन बसला होता. एकेकाळी शर्यती मारलेला, आता जाहिरातींत गाडी चालवणारा.

"खरं सांग," तिनं विचारलं, "आत बसून कसं वाटतं?"

"करमत नाही गं. बायको रुसून माहेरी गेली की घर वाटतं ना, तस्सं."

"तुझी कधी गेली होती?"

"दर ख्रिसमसला जाते. तो विषय नको." तो कॉफी प्यायला. "अगं, समोरून कुणी येतच नाही. एवढ्या अरुंद रस्त्यावर माणूस पुढच्या भेटीच्या जागेवर डोळा ठेवून गाडी हाकतो. तुझ्या रस्त्यावर ती जागाच नाही."

तोरुनचा हात थांबला. भेटीची जागा! एकावेळी एकच गाडी जाईल अशा रस्त्याला मधूनमधून कडेला रुंद बगल काढलेली असते, समोरच्याला वाट देण्यासाठी. तिला सगळे हेच म्हणतात. कंपनीनं 'मोकळा रस्ता' मागितला, म्हणून तोरुननं त्या सगळ्या बगला बुजवून टाकल्या होत्या. पाट्यांसकट. तिथंच लहानाची मोठी झालेली ती!

डबा तसाच टाकून ती पळाली.

सगळे परतले तेव्हा वळणापलीकडे बगल होती, निळी पाटी होती आणि बगलेत दिवे लावून थांबलेला दुधाचा टँकर होता.

"मी मोकळा रस्ता म्हटलं होतं," हेद्विग म्हणाली.

"एकदा बघा," तोरुन हळूच म्हणाली. "नाही आवडलं तर मी स्वतः पुसून टाकीन."

ओस्मुन गाडीत बसला आणि रस्ता धावू लागला. टँकर दिसताच ओस्मुनचे खांदे सैल पडले. टँकरच्या दिव्यांचा उजेड लाल बॉनेटवरून घरंगळत काचेवर चढला, त्याच्या गालावरून गेला. अगदी शेजारून जाताना ओस्मुननं स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली. आभाराची.

"थांबा!" योस्ताइन ओरडला. "ओस्मुन, बाबा रे, हात कुणाला केलास? भिंतीला?"

हॉलभर हशा पिकला. ओस्मुन कानापर्यंत लाल झाला. "त्यानं वाट दिली ना! मग? आईनं वळण लावलंय मला. तुला नसेल लावलं."

"माझी आई ऑस्लोची. तिथं हॉर्न शिकवतात."

हेद्विग मात्र हसली नाही. "पुन्हा दाखवा," ती म्हणाली. मॉनिटरच्या पडद्याजवळ वाकून तिनं तो क्षण पुन्हा पाहिला, मग पुन्हा एकदा.

"हा हात कापू नका," अखेर हेद्विग म्हणाली. "आता तिथं माणसं आहेत. स्पेनचं राहू दे. मी कळवते त्यांना."

योस्ताइननं तोरुनच्या पाठीत अशी थाप मारली की ती खुर्चीला धडकली.

एवढ्यात गाडीची काच खाली झाली. ओस्मुनचं तोंड अजून फुगलेलंच. "पण पोरी, तो टँकरवाला कुठला गं? मी एवढा हात केला, त्यानं साधी मानसुद्धा हलवली नाही."

तोरुननं भिंतीकडे निरखून पाहिलं. टँकरच्या काचेमागची जागा रिकामी होती.

"तो बसायचा राहिलाय," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून कामाला लागली. "बसवते. टोपीवाला हवा की दाढीवाला?"

"दोन्ही," ओस्मुन म्हणाला. "दूध थंडीत लांबून आणतोय तो."