बदली गड्याचा डावा खांदा

मी एक जुना बदली गडी आहे. मित्रांनो, मार खाणे हाच माझा धंदा! आमच्या कॉलेजात विद्यार्थी लढाऊ यंत्रे बनवतात आणि स्पर्धेत ती काचेच्या पिंजऱ्यात एकमेकांना फोडतात. ज्याला जोडीदार मिळत नाही किंवा सराव हवा असतो, त्याच्यासमोर मला ढकलतात.

वर्कशॉपमधल्या वेल्डरकाकांनी मला जुन्या कपाटाच्या पत्र्यातून घडवले. पायाला ट्रॉलीची चाके, पोटात गाडीच्या वायपरची मोटर. काकांची माझ्यावर माया होती, पण रोज संध्याकाळी माझे तुकडे गोळा करून जोडताना ते मेटाकुटीला येत. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. माझ्या डाव्या खांद्याला पूर्ण वेल्डिंग न करता नुसते दोन टाके मारले. घाव बसला की हात गळून पडे, लढत संपे आणि बाकीचे अंग वाचे.

अर्थात सगळे वाचत नसे. करवतींनी माझे पोट फाडले. एका पोराच्या यंत्राने मला उलटे पाडून चाके उपटली, वर तो पोरगा दात काढून हसला. खोटे का बोलू, मला फार राग यायचा.

शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती. तिच्या तापट स्वभावामुळे सगळे तिला ठिणगी म्हणत. दोन वर्षे खपून तिने ‘घण’ नावाचे यंत्र बनवले होते. त्याला पोलादी हातोडा होता. जिंकलेले यंत्र कॉलेजच्या दाराशी काचेच्या कपाटात राहते आणि हरलेले भंगारात जाते, असा आमचा नियम. तिला घण कपाटात हवा होता. महिनाभर तिने मला रोज बडवले. डावा खांदा तिला पहिल्याच दिवशी सापडला. मग तिने दुसरीकडे घाव घातलाच नाही. काका बघत होते आणि रोज संध्याकाळी तो हात पुन्हा दोन टाक्यांवरच जोडत होते.

अंतिम सामन्यात मी पिंजऱ्याबाहेर कोपऱ्यात उभा होतो. घण धावला आणि सवयीने समोरच्या यंत्राच्या डाव्या खांद्यावर कोसळला. तिथे बोटभर जाडीचे पोलाद होते. हातोडा उसळून मागे आला. तिने पुन्हा तिथेच मारले, पुन्हा तिथेच. तेवढ्यात समोरची करवत घणाच्या पोटात शिरली. तारा बाहेर ओढल्या गेल्या, बॅटरीने पेट घेतला, एक चाक काचेवर येऊन आदळले. घण विझला तरी करवत त्याला चिरतच होती.

दुसऱ्या दिवशी ठिणगी घणाचा हातोडा घेऊन वर्कशॉपमध्ये आली.

“काका, याचा खांदा तुम्हीच कच्चा ठेवला होता ना?”

काकांनी मान खाली घातली. “हो पोरी. रोजचा ताप वाचवायला गेलो आणि तुझं नुकसान करून बसलो.”

तिने हातोडा उचलला. आता आपले काही खरे नाही, असे मला वाटले. पण तिने तो माझ्याशेजारी ठेवला.

“मग आता पक्का करा. आणि हा याच्या हातात द्या.”

आता माझा खांदा पक्का आहे. परवा पहिल्या वर्षाचे एक यंत्र ऐकीव माहितीवर थेट माझ्या डावीकडे धावून आले. मी एका घावात त्याचा जबडा फोडला. पोरे रडवेली झाली आणि नवा जबडा बनवायला बसली.

मित्रांनो, मला खुशाल मारा, पण जोडताना अर्धवट जोडू नका. माझा गंजही पुसत जा. फक्त हातोड्याच्या दांड्यावर ठिणगीने खिळ्याने ‘घण’ असे कोरले आहे, तेवढे घासू नका.