हेल्मेटातला श्वास

दर रविवारी दुपारी चार वाजता आमचा मुलगा टीव्हीवर बोलायचा. म्हणजे चेहरा दुसऱ्याच कुणाचा, कुठल्याशा परक्या देशातल्या नटाचा; पण त्या चेहऱ्याला आपल्या भाषेतला आवाज आमच्या मुलाचा. दूरच्या एका ग्रहाकडे निघालेल्या यानातला अभियंता. बारा भागांची मालिका. मुलगा गेला आणि दोन महिन्यांनी ती सुरू झाली.

लहानपणी तो अखंड बोलायचा, म्हणून घरात त्याचं नाव रेडिओ. मी सदतीस वर्षं वाचनालयात 'शांतता राखा' या पाटीखाली बसलो. "बाबा येताना ती पाटी घरी घेऊन येतात," असं तो आईला सांगायचा. त्याला डबिंगचं काम मिळालं तेव्हा मी म्हणालो होतो, "दुसऱ्याच्या तोंडामागे उभं राहून बोलायचं, हा काय धंदा झाला?" तो हसला होता. वाक्य बरं जमलं म्हणून मी मनात जरा खूशही झालो होतो.

आठवडाभर बायकोच्या घशाखाली घास उतरत नसे. रविवारी मात्र ती पोटभर जेवायची, धुतलेले कपडे घालायची आणि साडेतीनलाच टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसायची. तो अभियंता पडद्यावर आला की पुटपुटायची, "वाळलाय किती."

"अगं, तो आपला नाही. तो नट आहे."

"तुम्ही गप्प बसा. तो बोलतोय."

दुसरा भाग झाल्यावर स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट घरी आला. मुलाचा हेडफोन आणि चहाचा मग एका पिशवीत घालून त्यानं आणला होता. बायको आत पाणी आणायला गेली, तसा तो हळूच म्हणाला, "काका, एक सांगायचं होतं. त्याचं काम आठव्या भागापर्यंतच झालं होतं. पुढचं दुसऱ्याकडून करून घ्यावं लागलं. काकूंना सांगाल ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

"श्वास मात्र शेवटपर्यंत त्याचेच आहेत."

मला कळलं नाही. मग त्यानं समजावलं. त्यांच्या स्टुडिओची तशी रीत होती. संवादांच्या आधी, पहिल्याच दिवशी, त्या पात्राच्या धापा, कण्हणं, हेल्मेटमधला श्वासोच्छ्वास असं सगळं एकदम रेकॉर्ड करून ठेवायचं आणि मग लागेल तिथं बसवायचं. "अगदी मरणाचासुद्धा एका दमात दिला त्यानं," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "मग बाहेर येऊन म्हणतो, चहा मागव रे, आत्ताच मेलोय मी." तो हसला, मग आतल्या दाराकडे बघून त्यानं आवाज उतरवला. "शेवटचा भाग बघायलाच हवा असं नाही, काका."

मी बायकोला सांगितलं नाही. सहा रविवार सांगितलं नाही. शनिवारी रात्री ठरवायचं आणि रविवारी तिला जेवताना पाहून गिळून टाकायचं. तिच्यासाठी गप्प बसलो असं मी स्वतःला समजावत असे. खरं तर मला तिच्या तोंडाकडे बघायचं धैर्य नव्हतं.

आठव्या भागाच्या शेवटी यानाबाहेर दुरुस्ती करताना अभियंत्याची दोरी तुटली आणि तो काळोखात लांब लांब जाऊ लागला. तिथंच भाग संपला. तो आठवडा घरात अवघड गेला. भांडी घासता घासता ती थांबायची.

"मरणार नाही ना हो तो?"

"अजून चार भाग आहेत."

"एवढी पुस्तकं वाचलीत, नक्की सांगा की."

"नाही मरणार," मी म्हणालो. त्या आठवड्यापुरतं ते खरं ठरलं.

नवव्या भागात त्यांनी त्याला ओढून आत घेतलं. हेल्मेट काढलं. बायकोनं खुर्ची आणखी पुढे सरकवली. त्यानं डोळे उघडले, तोंड उघडलं आणि कुणी तरी भलताच माणूस बोलू लागला.

तिनं आवाज वाढवला. "सर्दी झालीय का याला?"

पडद्यावर आणखी दोन वाक्यं झाली.

"हा कोण?" टीव्हीकडे बघतच तिनं विचारलं.

मी सांगितलं. कसंबसं, उलटसुलट, पण सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"कधीपासून?"

"दुसऱ्या भागापासून."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बराच वेळ ती हिशेब जुळवल्यासारखी बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मागच्या रविवारी तो शेवटचं बोलला. आणि मी दूध उतू जाईल म्हणून मधेच उठले."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दूध गॅसवर होतं, ती उठली होती, आणि मला माहीत असूनही मी तिला अडवलं नव्हतं. मी पडद्याकडे बघत होतो.

"काय म्हणाला?"

"'दोरी तुटली. मी ठीक आहे,' असं म्हणाला."

"कसं म्हणाला?"

मला तसं म्हणून दाखवता येईना. दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्डिस्टला फोन केला. तो भाग पुन्हा दाखवणार नव्हते आणि कंपनीचा माल त्याला बाहेर देता येत नव्हता. माझं मन राखायला म्हणून त्यानं दोनदा "सॉरी, काका" म्हटलं.

दहावा आणि अकरावा भाग तिनं डोळे मिटून पाहिला. तो परका आवाज बोलायचा तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा असायचा. वाक्य संपून श्वास आला की भुवया किंचित हलायच्या. त्या दोन्ही रविवारी ती जेवली नाही.

शेवटचा भाग बघू नये, असं मी तिला एकदाच सुचवलं. "तुम्ही नका बघू," ती म्हणाली.

यानाच्या एका खोलीला भोक पडलं होतं. बाकीचे वाचायचे तर कुणी तरी त्या खोलीत राहून दार आतून लावायला हवं होतं. अभियंत्यानं ते लावलं. आता त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं आणि त्याला बोलण्यासारखं काही नव्हतं. संगीतही थांबलं. हेल्मेटातला श्वास तेवढा ऐकू येत होता. आमच्या रेडिओचा श्वास.

बायकोनं डोळे उघडले. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "शेवटी तो असा नव्हता घेत."

तिला माहीत होतं. तीन दिवसांच्या तापात तो गेला तेव्हा ती दवाखान्याच्या खोलीत होती, त्याच्या उशाशी. मी बाहेर बाकावर होतो. हातात पुस्तक होतं, सकाळपासून एकच पान उघडलेलं. दोनदा मी दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा आतून श्वासाची घरघर ऐकली आणि परत येऊन बसलो. त्यावरून तिनं मला कधी एक शब्द ऐकवला नव्हता.

पडद्यावरच्या श्वासांमधलं अंतर वाढू लागलं तशी ती उठली.

"कुठं चाललीस?"

"मी एकदा ऐकलाय. आता तुम्ही ऐका."

ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ पूर्ण सोडला. पाणी रिकाम्या बेसिनमध्ये धो धो पडत होतं. रिमोट माझ्याजवळच होता. मी त्याला हात लावला नाही. एक श्वास आला. पुढचा येणार नाही असं वाटत असताना तोही आला, अगदी लहान, झोपेतल्यासारखा. मग हेल्मेटच्या काचेवरची वाफ हळूहळू निवळली आणि त्या परक्या नटाचा चेहरा स्वच्छ दिसू लागला.

"झालं का हो?" तिनं आतून विचारलं.

मी काही म्हणेपर्यंत ती नळ बंद करणार नव्हती, आणि पाणी वाहत राहिलं.