चोवीस अठ्ठेचाळिसांश

पाचवीच्या बाईंचा हातखंडा म्हणजे कागदाची पट्टी. मधोमध दुमडायची, अर्धी रंगवायची. पुन्हा दुमडली की तोच रंग दोन चतुर्थांश, आणखी एकदा दुमडली की चार अष्टमांश. "घड्या कितीही घाला, रंग तेवढाच राहतो," त्या सांगत. हे त्यांनी सगळ्यात आधी धाकट्या भावाला शिकवलं होतं. पोरगा हुशार, जन्मभर विसरला नाही.

आईच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा दोघांनी वाटणी केली. वर्षातले सहा महिने ताईकडे, सहा भावाकडे. पहिली पाळी ताईची. ती संपली तसा भावाचा फोन आला, "ताई, घराला रंग काढलाय. असं करू, दोन वर्षांतले बारा महिने मी एकदम नेतो. बारा चोविसांश म्हणजे अर्धंच ना?" हिशेब चोख होता. बाईंना तेव्हा चक्क कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकाची आता त्यांना लाज वाटते. पुढच्या खेपेला तो म्हणाला, तीन वर्षांतले अठरा.

आता अठरा महिने झाले होते आणि बाईंना गरज होती. दुसऱ्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळत होती. बावीस वर्षं वाट पाहिलेली. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. तिथली खोली तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे आईला नेणं अशक्य.

शुक्रवारी वर्गात अंशाधिक अपूर्णांक निघाले. फळ्यावर पाच चतुर्थांश पाहून पहिल्या बाकावरची चिमुरडी उठली. "बाई, सफरचंदाचे तुकडेच चार, तर पाच कसे घ्यायचे?"

"दुसरं सफरचंद कापायचं."

"कुणाचं?"

वर्ग हसला. बाईंनी फळा पुसायला घेतला. नऊ महिन्यांच्या वाट्यात त्यांनी अठरा काढले होते, आणि वरचे नऊ कुणाचे कापून, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. नोकरीचं सांगितलं, सोमवारचंही सांगितलं.

"ताई, आत्ता मुलीची परीक्षा आहे गं," भाऊ म्हणाला. "चार वर्षांतले चोवीस धर. मी कुठे नाही म्हणतोय? घड्या कितीही घाल, तूच शिकवलंस."

"आई त्र्याऐंशीची आहे. चार वर्षं कुठून आणू?"

"असं अभद्र बोलू नये," तो म्हणाला आणि त्याने आईला फोन द्यायला सांगितलं. आई बराच वेळ हं हं करत राहिली. चेहरा उजळला होता.

थोड्या वेळाने शेजारीण डोकावली. बाई आईचे पाय चेपत होत्या.

"माझा लेक मला चोवीस महिने नेणार आहे, सलग," आई तिला म्हणाली. जीभ जड होती, पण अभिमान स्पष्ट ऐकू येत होता. "हल्ली कोण करतं एवढं आईचं? इथे काय, मी चार दिवसांची पाहुणी."

शेजारणीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी दुसरा पाय मांडीवर घेतला. आईला झोपवल्यावर त्यांनी नकाराचं पत्र लिहिलं. दोन ओळी पुरल्या.

मग त्या दाराशी गेल्या. आईची बॅग तिथे दीड वर्ष भरून ठेवलेली होती. आईला ती तिथेच लागे. बाईंनी फडक्याने तिच्यावरची धूळ पुसली आणि ती होती तशी दाराकडे तोंड करून ठेवली.