चौदा बरोबर नोंदी

कितीही गबाळी यादी माझ्या हाती द्या, ती न्हाऊन-माखून, भांग पाडूनच परत जाते. ही बढाई नाही, माझा धंदाच आहे. दवाखान्यातली रुग्णांची यादी असो की वाचनालयातली पुस्तकांची, लोक एकच गोष्ट सात तऱ्हांनी लिहितात आणि मग ती सापडली नाही की संगणकाला नावं ठेवतात. अशा याद्या मी घरी, खिडकीजवळच्या टेबलावर बसून साफ करते. सासरे त्याला 'शब्द झाडायचं काम' म्हणायचे. कुणी विचारलं, तुमची सून काय करते, की हात हवेत फिरवून सांगायचे, "बसलेली असते काहीतरी करत."

मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, चांगलाच यायचा.

सासरे जोडे शिवतात. पण आलात, पायात घातलात आणि निघालात असे नव्हेत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, अशी माणसं त्यांच्याकडे येतात. त्यांच्या पायाचा हुबेहूब लाकडी साचा सासरे कोरत, त्याच्यावर चामडं ताणून जोडा शिवत आणि साचा मागच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवत. पुढचा जोडा त्याच साच्यावर व्हायचा. त्या खोलीत चाळीस वर्षांचे साचे होते आणि आत कुणालाच प्रवेश नव्हता. मी लग्न होऊन आल्याला सहा वर्षं झाली, पण मलाही ती खोली दाराबाहेरूनच ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरायला लागला. शिवण अजून देखणी येते, पण लाकूड कोरणं त्यांनी सोडलं. म्हणजे जेवढे साचे आहेत तेवढेच. साचा गेला की त्या पायाचा जोडाही गेला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि नेमकं आता दुकान हलवायचं ठरलं. नवी जागा घराला लागून आहे, पण लहान. साच्यांसाठी तिथे एकच भिंत आणि तिच्यावर साडेसहाशे खुंट्या. सासऱ्यांच्या यादीत नोंदी होत्या बाराशे छत्तीस. त्यातच त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्यानं आधीपासूनच धूसर दिसायचं. डॉक्टरांनी आठवडाभर वाचायला-लिहायला बंदी घातली.

"बाबा, यादी माझ्याकडे द्या," मी म्हटलं. "दोनदा चढलेल्या नोंदी काढून टाकते. तेवढे साचे कमी होतील."

"काढ की," ते आरामखुर्चीतून म्हणाले. "असतील वीस-पंचवीस. काही साचे मी पुन्हा केले होते, जुन्या नोंदी खोडल्या की नाही आठवत नाही."

यादी उघडली आणि मला हसूच फुटलं. दहा वर्षं एका बोटानं टाइप केलेली ती यादी. गिऱ्हाइकाचं नाव कुठेच नाही. सासऱ्यांचं म्हणणं, नाव पायाला लागत नाही, काम लागतं. माणूस दिवसभर उभा असतो, चालतो की बसतो, ते कळलं की जोडा कळला. म्हणून नोंदी अशा: टपालवाली. टपाल-वाली बाई. शिंपी, चष्मा. शिंपी (चष्मा). नर्स रात्रपाळी. नर्स...रात्रपाळी. कुठे आधी मोकळी जागा सोडलेली, कुठे नंतर, कुठे मध्येच दोन-दोन. टिंबं तर अशी सांडली होती, जणू त्यांचं बोट जाता-जाता दर वेळी त्याच कळीला अडखळत होतं.

माझा एक नियम आहे. मूळ रकान्याला हात लावायचा नाही. शेजारी नवा रकाना घ्यायचा आणि जी काय झाडलोट करायची ती तिथे. आधी 'सब्स्टिट्यूट' लावून आडव्या रेघा, टिंबं, स्वल्पविराम आणि कंस यांच्या जागी मोकळी जागा घातली. 'वाली'ला तिच्या शब्दाशी जोडून दिलं, कामापुढची उगाचची 'बाई' काढली. शेवटी 'ट्रिम' लावलं. हे फंक्शन शब्दांच्या आधीची आणि नंतरची मोकळी जागा पुसून टाकतं आणि मध्ये एकच शिल्लक ठेवतं. माझं सगळ्यात लाडकं. एक सूत्र लिहायचं, खालपर्यंत ओढायचं आणि बाराशे ओळी डोळ्यांदेखत शहाण्यासारख्या रांगेत उभ्या राहतात. हे सुख ज्यानं घेतलं नाही त्याला सांगून कळायचं नाही.

मग मोजलं. सहाशे अकरा गिऱ्हाइकं बरोबर दोनदा आली होती. तीनदा एकही नाही. एकदाच आलेली फक्त चौदा.

म्हणजे खरी गिऱ्हाइकं सहाशे पंचवीस आणि फालतू नोंदी सहाशे अकरा! जवळजवळ अख्खी यादी म्हाताऱ्यानं दोनदा उतरवली होती. एकदा वहीवरून आणि एकदा साच्यांवरून, असा मी तर्क बांधला. एका गिऱ्हाइकापुढे दोन वेगळे खुंटी क्रमांक होते, तेव्हा एका खुंटीवर जुनी जोडी असणार आणि दुसरीवर नवी. जोडे काय, साचे काय, जोडीनंच टांगतात, त्यात विचारायचं काय? प्रत्येकाची पहिली नोंद ठेवली, दुसरी काढली आणि काढलेल्यांचे खुंटी क्रमांक छापले. सासऱ्यांना आकडा सांगितला नाही. काम झालं की एकदम सांगायचं आणि त्यांचं तोंड बघायचं, असं मी ठरवलं होतं.

शनिवारी सकाळी नवरा यादी आणि खोलीची किल्ली घेऊन दुकानात गेला. काढलेले साचे गावाबाहेरच्या सुताराकडे द्यायचे होते. त्याच्याकडे लाकडाचा चुरा करायचं यंत्र आहे. मऊ चुरा काचसामानाच्या खोक्यांत भरायला जातो. दहाच्या सुमारास नवऱ्याचा फोन आला.

"काम फत्ते! पोती गाडीत चढवली, निघालोय. आणि बाबांची शिस्त बघ, दुसऱ्यांदाचे सगळे साचे एकाच भिंतीवर लावलेले. उजवी भिंत जवळजवळ मोकळी झाली."

मी खुशीत फोन ठेवला आणि खुर्ची ओढून सासऱ्यांसमोर बसले.

"बाबा, तुमची यादी झाली साफ. आता रागावू नका, पण तुम्ही नीट नोंदवलेली माणसं किती निघाली माहितीय? चौदा. अख्ख्या यादीत फक्त चौदा नोंदी बरोबर!"

"कोणत्या चौदा?"

"पंपावरचा पहारेकरी," मी लॅपटॉपवरून वाचायला लागले. "घड्याळदुरुस्तीवाला. क्रेनवाला. शाळेतली ग्रंथपाल..."

"बेकरीवाला धाकटा," ते मध्येच म्हणाले. "तिकीट खिडकीवाली. बरोबर?"

मी चकित झाले. पुढच्या दोन नोंदी त्याच होत्या. "तुम्हाला कसं ठाऊक?"

त्यांनी पट्टी नसलेला डोळा माझ्या आवाजाच्या दिशेनं वळवला.

"अगं, त्या चौदा जणांना एकेकच पाय आहे."

पायाखालची वाळू सरकते म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. वाकड्या पायांच्या माणसाचा डावा निराळा आणि उजवा निराळा. त्याला एक साचा पुरत नाही. डाव्याची एक नोंद, उजव्याची एक.

"पण तसं लिहिलंय कुठे?" मी जवळजवळ ओरडले. "डावा-उजवा कुठेच नाही!"

"नाही कसा? डावा असला की मी डावीकडे जरा जागा सोडतो. उजवा असला की उजवीकडे. खोलीतही तसंच आहे. डावे डाव्या भिंतीवर, उजवे उजव्या. नोंदही आधी डाव्याची, मग उजव्याची." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "का गं? काय काढलंस तू?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, आकड्यासकट. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. शिवी दिली असती तर परवडलं असतं. ते एवढंच म्हणाले, "जा. पळ."

नवरा फोन उचलेना. दारात पायाला लागल्या त्या चपला सरकवल्या आणि स्कूटर काढली. वाटेत प्रत्येक सिग्नल मलाच बघून लाल होत होता. डोक्यात एकच हिशोब चालला होता. सहाशे अकरा उजवे पाय. टपालवालीचा. रात्रपाळीच्या नर्सचा. शिंप्याचा, चष्म्यासकट. आणि ते पुन्हा कोरू शकणारा हात घरी थरथरत बसलेला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई मला लहानपणापासून ऐकवत आली होती. बैल तर आता सहाशे अकरा निघाले होते.

सुताराच्या आवारात शिरले तेव्हा यंत्र घरघरत होतं. शेजारी पोत्यांचा ढीग, त्यातल्या एकाचं तोंड सोडलेलं. मग बघते तर नवरा पिंपावर बसून चहा पितोय, आणि सुतार, पांढऱ्या मिशांचा आडवा गडी, स्टुलावर बसून मांडीवरचा लाकडी साचा उलटसुलट करतोय.

"बंद करा!" मी ओरडले. "यंत्र बंद करा!"

"मी अजून घातलंय कुठे काही?" सुतार म्हणाला. त्यानं हात लांबवून बटण दाबलं, घरघर थांबली. "पोतं सोडलं तर वरच हा निघाला. दोन बोटं नसलेला उजवा पाय. पंधरा वर्षांपूर्वी करवतीनं नेली होती माझी. म्हटलं, दुसऱ्या कुणाची असतील पण असली बोटं?" त्यानं बूट काढून पाय पुढे केला आणि साचा शेजारी धरला. "हा माझाच पाय आहे, पोरी. स्वतःचा पाय स्वतःच्या हातानं चुऱ्यात कसा घालू? तुझ्या नवऱ्याला विचारतोय, तर हा म्हणतो, यादीत आहे."

नवरा माझ्याकडे बघत होता. मी मटकन पोत्यावर बसले आणि रडले. अगदी हुंदके देत, डाव्या-उजव्याचा सगळा घोळ सांगत. लाज वगैरे काही वाटली नाही.

सुतारानं मला रडू दिलं. मग खाली बघून म्हणाला, "सगळ्या गावाला डावंच ठेवणार होतीस म्हणून स्वतःही दोन डावे घालून आलीस काय?"

खरंच. एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्यात नवऱ्याची. दोन्ही डाव्या.

घरी येऊन मी तोंड धुतलं आणि टेबलाशी बसले. सासरे शेजारी खुर्ची टाकून बसले. मूळ रकाना तसाच होता. मोकळी जागा जिथल्या तिथे, एकही हललेली नव्हती. त्या नियमाबद्दल मी स्वतःचीच पाठ थोपटली, कारण त्या दिवशी दुसरं कुणी थोपटणार नव्हतं. मग सूत्र लिहिलं. पहिलं अक्षर मोकळी जागा असेल तर 'डावा', शेवटचं असेल तर 'उजवा'. खालपर्यंत ओढलं. बाराशे छत्तीस ओळींपुढे पाय उमटत गेले.

"सांग," सासरे म्हणाले.

"डावे सहाशे अठरा. उजवे सहाशे अठरा."

"चौदांतले सात डावे, सात उजवे. बरोबर." पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल झाले. "एक तरी चुकलाय का माझा?"

"एकही नाही बाबा. दहा वर्षांत एकही नाही." हे मी मनापासून म्हटलं. मी इतक्या याद्या पाहिल्या आहेत, पण आपलीच खूण दहा वर्षं न चुकता पाळणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

"मग आता ठेवायचे कुठे एवढे?" त्यांनी विचारलं. "खुंट्या साडेसहाशे."

"जोडीनं," मी म्हटलं. "सुतळीनं दोन्ही पाय बांधायचे, एका माणसाला एक खुंटी. सहाशे पंचवीस माणसं. पंचवीस खुंट्या उरतील. माझा आकडा चुकीचा नव्हता बाबा, मी फक्त माणसं मोजत होते आणि वाटत होतं साचे मोजतेय."

ते हसले. "तोंड मात्र तसंच आहे तुझं."

पोती परत आली. पुढच्या आठवड्यात नव्या भिंतीवर साचे लावले. मी क्रमांक वाचायची, नवरा टांगायचा. चौदा एकटे साचे आले तेव्हा मी थांबले. सासऱ्यांनी ते कडेला लावू दिले नाहीत, सगळ्यांच्या मध्येच जागा करायला लावली. सुतार मदतीला आला होता. त्यानं स्वतःची जोडी स्वतःच टांगली आणि सासऱ्यांना म्हणाला, "तुम्ही बोटांनी चाचपून सांगायचं, मी कोरायचं. नवीन गिऱ्हाइकाला परत कशाला पाठवायचं?" सासऱ्यांनी त्याचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

पट्टी निघाल्यावर ते संगणकाशी बसले. मी 'पाय' नावाचा वेगळा रकाना करून दिला होता, तिथे डावा-उजवा निवडायचं. त्यांनी तो निवडला आणि तरी नोंदीच्या आधी जागा सोडलीच.

दुपारी ते जेवायला उठले, तेव्हा मी यादी उघडली. तळाशी दोन नव्या ओळी होत्या. खुंटी सहाशे सव्वीस. एका ओळीत आधी मोकळी जागा, दुसरीत नंतर. कामाच्या रकान्यात 'सूनबाई' नव्हतं. इतर सगळ्यांसारखं काम लिहिलं होतं: शब्द झाडणारी.

मी 'ट्रिम' लावलं नाही.