गुम-शिम मावशींचा फोटो आणि तीन आवृत्त्या

मी एक जुना संगणक आहे. दक्षिण कोरियातल्या मोकपो बंदराजवळच्या एका छोट्या फोटो स्टुडिओत, खिडकीशेजारच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझा पांढरा रंग आता पिवळट पडला आहे आणि माझा पंखा सुरू झाला की गिऱ्हाईक दचकून मागे वळते. पण मित्रांनो, मी नवा होतो तेव्हा मला पाहायला समोरचा शिंपी दुकान बंद करून आला होता.

मला इथे आणले तेक-सू साहेबांनी. माझ्यात फोटो सुधारायचा प्रोग्राम बसवला आणि त्यांच्या पत्नी सुन-बोकबाईंनी तो चिकाटीने शिकून घेतला. साहेब फोटो काढायचे, बाई सुधारायच्या. डोळे मिटलेल्या नवरदेवाचे डोळे आम्ही उघडले, शाळकरी मुलींच्या कपाळावरच्या पुटकुळ्या घालवल्या, पासपोर्टच्या फोटोतले वाकडे टाय सरळ केले. काम संपले की बाई मला मऊ फडक्याने पुसायच्या. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि गिऱ्हाईक रोडावले. बाईंचा लोकरीचा स्वेटर दिवसच्या दिवस माझ्या डोक्यावर पडून राहू लागला. गेल्या हिवाळ्यात तर माझ्या आतली, सगळे साठवून ठेवणारी चकती बिघडली. दुरुस्तीवाल्याने दुसरी बसवली, पण प्रोग्राम पुसला गेला. जुनी सीडी घालून पाहिली, तर ही आवृत्ती आता चालत नाही, नवी घ्या, असे उत्तर आले.

नेमक्या त्याच आठवड्यात गुम-शिम मावशी आल्या. त्या बाजारात सुके मासे विकतात. त्यांचा नवरा सव्वीस वर्षांचा असताना मासेमारीच्या होडीवरून परतला नाही. तेव्हा त्यांचा मुलगा पोटात होता. लग्नाचा फोटो पुढे घराला आग लागली त्यात जळाला. उरला होता तो नवऱ्याच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा. आपल्या माघारी मुलाकडे आईबापांचा एकत्र फोटो असावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

"पण मी ही अशी अठ्ठ्याहत्तरची," त्या म्हणाल्या. "शेजारी तो पोरगा बसवलात तर लोक आजी-नातू समजतील. त्याला जरा म्हातारा करता येईल का?"

साहेबांनी होकार दिला खरा, पण कशाने करणार होते? म्हणून दोघे आवृत्ती निवडायला बसले आणि आमच्या स्टुडिओत गोंधळाला सुरुवात झाली. मोठी आवृत्ती विकत मिळत नव्हती, दरमहा भाड्यानेच मिळत होती. मधली होती, ती मोठीपेक्षा कशात कमी आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येईना. तिसरी छोटी, घरगुती म्हणवणारी. तिन्हींच्या गुणांचा तक्ता माझ्याच पडद्यावर उघडला होता, आणि खरे सांगतो, तो मलाही कळत नव्हता.

"हे थर-थर म्हणतायत, ते आपल्याला लागतात का गं?" साहेबांनी विचारले.

"अहो, फोटोवर पारदर्शक कागद ठेवावेत तसे ते थर. इतकी वर्षं मी त्यांच्यावरच तर काम करतेय."

"मग या छोटीत ते आहेत का?"

"आहेत असं वर लिहिलंय. खाली बारीक अक्षरात काही थर नाहीत असंही लिहिलंय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तक्ता तसाच होता. माझी काळजी वेगळी होती. मोठी आवृत्ती माझ्यात मावणार नव्हती. ती घेतली तर माझी रवानगी भंगारात, हे मी समजून होतो.

शेवटी त्यांची मुलगी सोल-आ हिला फोन गेला. ती राजधानीत, सोल शहरात नोकरी करते. रविवारी ती आपला पातळसा संगणक घेऊन आली. मोठी आवृत्ती चाचणीपुरती फुकट मिळते, आधी करून तर पाहू, असे तिचे म्हणणे पडले. तो संगणक माझ्या शेजारीच ठेवला. नखाएवढ्या फोटोवरच्या भेगा त्याने बघता बघता बुजवल्या, मग त्या तरुणाचे केस पिकवले, गालांवर सुरकुत्या आणल्या. मला त्याचे कौतुक वाटले आणि भीतीही वाटली.

मावशींना बोलावले. त्यांनी पडद्याजवळ वाकून पाहिले.

"हे गृहस्थ कोण?" त्यांनी विचारले.

सोल-आने समजावून सांगितले. मावशींनी मान हलवली. "बरे दिसतात. पण यांना मी ओळखत नाही. राहू दे बाई. तो होता तसाच बसव. म्हातारी मी झाले, त्याला कशाला करायचं?"

सोल-आ आपला संगणक घेऊन परत गेली. आता भेगाच बुजवायच्या होत्या, म्हणून छोटी आवृत्ती ठरली. तरी साहेब आठवडाभर विचारत होते, मधली घ्यायला हवी होती का. छोटी माझ्यात कशीबशी बसली. साहेबांनी मावशींना बोलावून त्यांचा फोटो काढला. बाईंनी तो नखाएवढा फोटो मोठा केला, तेव्हा दोन्ही भुवयांवरून भेगा गेलेल्या दिसल्या. त्यांनी मावशींना सहज विचारले, इथे काही होते का.

"खूण होती," मावशी म्हणाल्या. "दोरखंड लागल्याची."

"कुठल्या भुवईवर?"

मावशी गोंधळल्या. डावी म्हणाल्या, मग उजवी, मग पुन्हा डावी. एवढी वर्षे मनात जपलेला चेहरा, आणि खूण कुठे होती तेच आठवेना. त्यांचे डोळे भरून आले. माझ्यातल्या प्रोग्रामकडे याचे उत्तर नव्हते, सोल-आच्या मोठ्या आवृत्तीकडेही नसते.

मग मावशी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे मिटले आणि समोर कुणी उंच माणूस उभा असावा तसा उजवा हात वर केला. बोटे हवेत एका जागी थांबली आणि अलगद फिरली.

"इथं," त्या म्हणाल्या.

ती त्याची डावी भुवई होती. बाईंनी माझ्यावर त्या जागी एक बारीक, फिकट रेघ काढली. मग त्याला मावशींच्या शेजारी बसवले.

फोटो न्यायला मावशी मुलाला घेऊन आल्या. त्याचे केस पूर्ण पांढरे होते. बाईंनी फोटो त्याच्यासमोर टेबलावर उभा केला.

"आई, बाबा तर माझ्या मुलाहून लहान दिसतात गं."

"असू देत. बाप आहे तुझा. नमस्कार कर."

त्या पांढऱ्या केसांच्या माणसाने गुडघे टेकले आणि आमच्या स्टुडिओच्या थंड फरशीवर कपाळ टेकवून त्या तरुणाला नमस्कार केला.

मित्रांनो, कुठली आवृत्ती चांगली, हे मला अजूनही कळलेले नाही. साहेबांनाही नाही. माझा पंखा आता जास्तच घरघरतो, मी फार दिवस चालेन असे वाटत नाही. म्हणून एवढेच मागतो. घरातले जुने फोटो काढा, मऊ फडक्याने पुसा, आणि त्यातल्या माणसांविषयी आजी-आजोबांना आजच विचारा. त्यांचे हात आहेत, तोवर विचारा.